‘चूक’ म्हणणारे सबनीस काका

खांदेश्वरच्या आमच्या सोसायटीत कुणी खाण्यापिण्याबद्दल तोंड उघडलं, की सबनीस काका कुठूनतरी उगवायचे आणि म्हणायचे, "चूक." रामराम वगैरे नंतर. तळोज्याच्या एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये त्यांचा जन्म गेला होता. निवृत्तीनंतर तपासायला अख्खी बिल्डिंग मिळाली.

एकदा भाजीवाल्यापाशी पाटीलबाई कुणाला तरी सांगत होत्या, "रात्री भात खाल्ला की पोट सुटतं." काका कोथिंबिरीची जुडी उलटीपालटी करत म्हणाले, "चूक. पोट घड्याळ बघत नाही. तुमचं दुपारच्या भातानेही सुटलंय." सगळे हसले. मीही हसलो. पाटीलबाई भाजी न घेताच गेल्या.

पण माणूस नुसता फटकळ नव्हता. पहिल्या मजल्यावरच्या मुलीच्या हातावर कोडाचा डाग उठला, तेव्हा मासे खाऊन वर दूध प्यायलीस म्हणून आई तिला बडवायची. काका त्या घरात शिरले आणि त्या बाईला असं झापलं की मार कायमचा थांबला. म्हणूनच मी आईला त्यांच्याकडे नेलं.

एका रविवारी दुपारी बाबांनी आईच्या हातचं वालाचं बिरडं खाल्लं आणि संध्याकाळी ते गेले. वालांचा गॅस हृदयात चढला, मीच मारलं त्यांना, असं आई येईल त्याला सांगायची. वर्ष उलटलं तरी तेच. निदान काका एकदा ‘चूक’ म्हणतील, एवढीच माझी आशा होती.

"चूक, वहिनी," काका म्हणालेच. "गॅस हृदयात चढत नाही. तिकडे जायला वाटच नाही. वालांचा काही दोष नाही."

मला हायसं वाटलं. मी उठलोसुद्धा. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "छातीत कधी दुखायला लागलं?"

"दोनच्या सुमारास."

"आणि हॉस्पिटलला कधी नेलं?"

"सहा वाजले. ओवा दिला, पाठ चोळत बसले."

"मग त्या चार तासांनी नेलं त्यांना. लगेच हलवलं असतं तर बहुतेक वाचले असते. गॅस आहे हे ठरवलं कुणी?"

आईने माझ्याकडे पाहिलंदेखील नाही. "मीच," ती म्हणाली.

ठरवलं मी होतं. दोन वाजता तिने फोन केला, तेव्हा मी वाशीला मित्राकडे मॅच बघत होतो. "वाल खाल्लेत ना? मग गॅसच. ओवा दे, टेन्शन घेऊ नको," म्हणालो आणि फोन ठेवला.

जिना उतरताना आई चिडून म्हणाली, "कशाला आणलंस मला इथे? वालांवर भागत होतं ना सगळं!"

काका गेल्या महिन्यात गेले. मी खांदा द्यायला गेलो नाही. त्यांचं एक अक्षरही खोटं नव्हतं, त्याचाच मला अजून राग आहे.

परवा गेटपाशी नव्याने राहायला आलेल्या एका बाईंनी बाबांबद्दल विचारलं. "वालाचं बिरडं बाधलं हो," आई म्हणाली. "मीच केलं होतं."

मी शेजारीच उभा होतो. तिला ‘चूक’ म्हणणारं आता सोसायटीत कुणी उरलं नव्हतं. मी म्हणालो नाही.