जग बुडणार होतं त्या दिवशीचं उधाण

माझा बाबा कुठल्याही गोष्टीचं कधी बरं बोलला असेल तर ते माझ्या कानावर आलेलं नाही. आंब्याला मोहोर आला की म्हणायचा, गळेल. कुणी मुलगा झाला म्हणून पेढे आणले तर पेढा तोंडात टाकून म्हणायचा, बघू, मोठा झाल्यावर बापाला विचारतो का. स्वातंत्र्य आलं तेव्हा मी आईच्या कडेवर होते. पनवेलच्या बाजारात साखर वाटली, ती मूठभर साखर खातखात बाबा घरी आला आणि म्हणाला, गोरा गेला, आता आपलेच लुटतील. आई म्हणायची, तुझा बाप वरातीतसुद्धा मयताला निघाल्यासारखा चालतो.

त्याचा धाकटा भाऊ, माझा काका, मुंबईला गिरणीत होता. तो अगदी उलटा. दिवाळीला यायचा तो केसांना वासाचं तेल लावून आणि डोक्यात नवनवी स्वप्नं घेऊन. देशात धरणं होतायत, कारखाने होतायत, अजून थोडी वर्षं थांबा, खाडीवर पूल होईल, घरोघरी वीज येईल, रेडिओ लागेल. ओटीवर बसून तो हे सांगायचा आणि मी तोंड उघडं टाकून ऐकायची. बाबा विडी ओढत बसायचा. वीज आली तर शॉक लागून माणसं मरतील, एवढंच त्याचं म्हणणं. मला काका आवडायचा. खरंच, कुणाला नाही आवडणार?

आमचं गाव पनवेलपासून कळंबोलीच्या अंगाला, खाडीला टेकलेलं होतं. अजून ते स्वप्नात येतं तेव्हा आधी बांध दिसतो. मातीचा, लांबच लांब, वळत वळत धुक्यात शिरणारा. एका बाजूला खाडी आणि तिवरांची गर्दी, दुसऱ्या बाजूला आमची खारातली भातशेती, आणि पार पलीकडे मिठागरांतल्या मिठाच्या पांढऱ्या राशी. पहाटे त्या राशी जमिनीवर नसून हवेत तरंगतायत असं वाटायचं. स्वप्नात मी त्या बांधावरून चालते आणि बांध संपतच नाही, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

पण तो बांध होता म्हणून आम्ही होतो. चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, त्याला बिळं पाडायच्या. अवस-पुनवेला उधाणाची भरती चढली की त्या बिळांतून पाणी झिरपायला लागायचं, झिरप वाढायची आणि बघता बघता बांध फुटून खांड पडायची. एकदा खारं पाणी शेतात बसलं की दोन-तीन पावसाळ्यांनी जमीन धुऊन निघेपर्यंत भाताचं नाव काढायचं नाही. म्हणून रिवाज असा की दर अवसेला आणि पुनवेला, भरतीच्या आधी, घरटी एक माणूस फावडं घेऊन बांधावर जायचा. बिळं शोधायची, चिखल कोंबायचा, वरून पायाने दाबायचं. आमच्या घरून बाबा जायचा. जाताना दर वेळी नव्याने सांगायचा की या खेपेला बांध राहत नाही.

मी मॅट्रिकला होते त्या वर्षी अष्टग्रहीची बोंब उठली. आठ ग्रह एका राशीत येणार आणि पौषातल्या अवसेला दुपारी जगाचा शेवट होणार. आज हसू येतं, पण तेव्हा शहाणीसुरती माणसं घाबरली होती. शाळेत मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडायच्या. यज्ञ चालले होते, जप चालले होते, पनवेलच्या दुकानांतून तूप मिळेनासं झालं होतं. मीही घाबरले होते. मला मॅट्रिक व्हायचं होतं, मास्तरीण व्हायचं होतं, आणि जग नेमकं परीक्षेच्या तोंडावर बुडायला निघालं होतं. काय मेलं नशीब, असं वाटायचं.

काका आला तो मुंब्र्यावरून येणाऱ्या एस्टीने, काकीला आणि ट्रंकेला घेऊन. मरायचंच तर आपल्या माणसांत मरू, असं म्हणाला. मी त्याच्याकडे बघतच राहिले. केसांना तेल नव्हतं, दाढी वाढलेली. धरणं आणि कारखाने कुठल्या कुठे गेले होते. ओटीवर बसून तो आता सांगायचा की माणसाचं पाप भरलं, बाँब झाले, लढाया झाल्या, आता समुद्र उठणार. दिवाळीला तो सुखाचं जेवढं रंगवून सांगायचा तेवढंच रंगवून तो हे सांगायचा. गावकरी त्याच्याभोवती गोळा व्हायचे, कारण तो मुंबईचा आणि पेपर वाचणारा. त्यानेच सुचवलं की अवसेला सगळ्यांनी देवळात जमायचं, ठेवणीतले कपडे घालून, देवाचं नाव घेत.

मला वाटलं, आता बाबाला केवढा आनंद होईल. जन्मभर जे सांगत होता ते खरं होणार होतं. पण तो भलताच चिडला. आदल्या संध्याकाळी फावड्याचा दांडा ठोकून बसवताना तो काकाला म्हणाला, "असा एकदम बुडलं त सुटलो की रं. तसा नाय होयाचा. हलूहलू बुडंल, आनी आपल्याला माती टाकीत बसावं लागंल."

काका म्हणाला, दादा, ही थट्टेची वेळ नाही. बाबा थट्टा करतच नव्हता.

सकाळी सगळं गाव नटून देवळात गेलं. आईने लग्नातलं लुगडं नेसलं. बाबाने रोजचा पंचा गुंडाळला, फावडं खांद्यावर टाकलं आणि मला म्हणाला, चल. मी का गेले ते सांगता येत नाही. देवळातल्या रडण्यापेक्षा बाबाची कुरकुर बरी वाटली असेल.

तशी सकाळ मी पुन्हा पाहिली नाही. धुकं उशिरापर्यंत विरलं नव्हतं. मिठागरात एरवी फळ्या ओढल्याचा आवाज असतो, बायांच्या हाका असतात, त्यातलं काहीच नव्हतं. मिठाच्या राशी होत्या, मीठ ओढणारी माणसं नव्हती. शेतात कापणीनंतरची धसकटं होती, गुरं राखणारं कुणी नव्हतं. बगळे एका पायावर उभे होते आणि खाडीचं पाणी आवाज न करता चढत होतं. आम्ही दोघं चालत होतो, पुढे बाबा, मागे मी, आणि माझ्या मनात आलं की जग बुडूनही गेलंय, आम्हाला कळवायचं राहिलंय. गंमत म्हणजे तसं वाटल्यावर भीती गेली. सगळं इतकं शांत आणि इतकं सुंदर होतं की बुडाल्यावर असंच असेल तर असू दे, असं वाटलं. मी बाबाच्या ओल्या पावलांच्या ठशांवर पाऊल ठेवत चालले होते आणि बाबा बिळं बुजवत, चिंबोऱ्यांना शिव्या देत पुढे सरकत होता.

मग तो थांबला. वळणाजवळ, शेताच्या बाजूला, बांधाच्या पायथ्याशी पाणी खळखळत होतं. इथे फुटणार म्हणून तो कित्येक महिने सांगत होता आणि लोक हो हो म्हणत होते. त्याने चिखल टाकला, तो वाहून गेला. पुन्हा टाकला, पुन्हा गेला. भोक थाळीएवढं झालं आणि वरची माती ढासळायला लागली. भरती पुरी व्हायला अजून वेळ होता, म्हणजे पाणी अजून बरंच चढायचं होतं. बाबा खाडीच्या बाजूने उतरला आणि भोकाच्या तोंडाला पाठ लावून चिखलात बसला. पाणी त्याच्या छातीला लागलं. पलीकडची खळखळ कमी झाली.

"जा, बोलव त्यांना," तो म्हणाला. "येयाचे नाय. तरी जा."

मी धावले. धावताना सारखी मागे बघत होते. दर वेळी बाबाचं डोकं तेवढं दिसायचं, आणि मग धुक्यात तेही दिसेना. शेत जाईल हे मला कळत होतं, पण मला तेव्हा शेताचं काही पडलेलं नव्हतं. पाणी चढतंय आणि बाबा उठणार नाही, एवढंच डोक्यात होतं. तो उठणारा माणूस नव्हता.

देवळात टाळ वाजत होते. धूप, फुलं, नारळांच्या टोपल्या, आणि सगळी माणसं लग्नाला आल्यासारखी. मी ओरडून सांगितलं की वळणावर खांड पडतेय, बाबा भोकाला पाठ लावून बसलाय. टाळ थांबले. कुणी हललं नाही. काका पुढे आला, त्याचे डोळे रडून सुजले होते. मला जवळ घेऊन म्हणाला की बाळा, आता बांध राहून काय आणि जाऊन काय, दुपारी सगळंच जाणार आहे, बाबाला इकडे बोलाव, सगळे एकत्र असू.

तो प्रेमानेच बोलत होता. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याचा हात झिडकारला.

"दुपारपरयंत जग हाय ना?" मी म्हणाले. "मंग तवर तरी चला."

मग आई उठली. समोरची नारळांची टोपली तिने देवापुढे पालथी केली, नारळ गडगडत गाभाऱ्यापर्यंत गेले, रिकामी टोपली तिने कमरेला लावली, लग्नाच्या लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि चालू लागली. तिच्यामागून एक म्हातारा निघाला. मग फावडी आणायला दोघं-तिघं घराकडे पळाले. मग कोण आधी आणि कोण नंतर ते कळलं नाही, कारण सगळेच धावत होते.

मला ते दृश्य अजून खरं वाटत नाही. बांधावरून जरीचे काठ धावतायत, फेटे धावतायत, नथी घातलेल्या बाया डोक्यावर पेंढ्याचे भारे घेऊन धावतायत, आणि हे सगळं धुक्यातून, जवळजवळ मुक्याने. बाबाच्या हनुवटीला पाणी लागलं होतं. ओठ निळे पडले होते. त्याने आम्हाला पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलला ते असं की पेंढा ओला आणलात, आता कसला राहतोय. पुरुषांनी तिवराच्या मेखा ठोकल्या, मध्ये पेंढा कोंबला, आणि बाया रांग धरून चिखलाचे गोळे हातोहात पुढे देऊ लागल्या. मी रांगेत होते. माझ्या पुढे काका होता, मुंबईची इस्त्रीची पँट घालून मांडीपर्यंत चिखलात. तो गोळा घ्यायचा आणि पुढे द्यायचा, घ्यायचा आणि पुढे द्यायचा. त्याच्या चेहऱ्यावर ना धरणं होती ना समुद्र. बाबाला ओढून वर काढलं तेव्हा त्याच्या पाठीचं कातडं सोललेलं होतं.

पाणी बांधाच्या माथ्याला लागून काही वेळ तसंच थरथरत राहिलं आणि मग उतरायला लागलं. धुकं कधीच विरलं होतं. सगळे जिथल्या तिथे बसले होते. तेवढ्यात काकाने मनगटावरचा चिखल पुसून घड्याळ बघितलं आणि म्हणाला की वेळ टळून गेली. कसली वेळ ते आधी कुणाला आठवेचना. मग एक बाई हसायला लागली, आणि ते हसू रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. काका हसता हसता रडला. मला त्याची फार दया आली आणि त्याच्यावर फार प्रेमही आलं.

पुढे बाबाचं खूपसं खरं झालं, हे मान्य करायला हवं. त्याच वर्षी लढाई झाली. नंतर रेशनच्या रांगा आल्या. आणि तो गेल्यावर काही वर्षांनी ती सगळी खारजमीन भरावाखाली गेली. आता तिथे लोखंडाचा बाजार आहे, न्हावा-शेव्याकडे जाणारे ट्रक उभे असतात, आणि वळण नेमकं कुठे होतं ते मला दाखवता येत नाही. काकाचंही खरं झालं, पूल झाला, वीज आली. माझी नातवंडं हल्ली फोनवर जगाच्या बातम्या बघतात आणि मला विचारतात की आजी, सगळं वाईटच होणार असं वाटणं बरोबर आहे का. बरोबर असेलही, मी म्हणते. मला त्या भांडणात पडायचं नसतं. मला आठवते ती त्या दुपारची घरी जायची वाट.

बाबा आईच्या खांद्याला धरून चालत होता आणि मी फावडं घेऊन बाजूने. ऊन चांगलं तापलं होतं, मिठाच्या राशींकडे बघवत नव्हतं. मी त्याला विचारलं की बाबा, सगळं बुडणारच असं तू म्हणतोस, मग त्या भोकात कशाला जाऊन बसलास?

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मॅट्रिकपर्यंत शिकवूनही पोरीला काही आलं नव्हतं.

"बुडनार हाय म्हनून त बसलो," तो म्हणाला. "नाय बुडनार आसता त घरी झोपलो नसतो?"

घरी आल्यावर आईने त्याच्या पाठीला हळद लावली. तो ओय ओय करत आम्हाला सांगत होता की पुनवेला काय हा बांध राहत नाही, आणि म्हणून फावडं धुऊन दाराशीच ठेव. मी धुऊन ठेवलं.