धनाजीभाऊंचे पंचवीस लॅपटॉप

धनाजी सुरवसे मूळचे औशाचे. कतारमधल्या रास लफानच्या गॅस प्लांटवर इलेक्ट्रिशियन, राहायला अल खोरला कंपनीच्या बिल्डिंगमध्ये. घरची माणसं गावी. आयटीआयच्या पुढे शिकायचं राहून गेलं, पण हातात आलेली वस्तू उघडून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

मी दोह्यात आयटीत आहे. आमची ओळख झाली इथल्या मराठी लोकांच्या २०२४च्या दिवाळी मेळाव्यात. मी कॉम्प्युटरवर छोटंसं भाषण देत होतो. पुढच्या ऑक्टोबरात विंडोज दहाचे अपडेट बंद होणार, जुने लॅपटॉप बदलावे लागणार, असं सांगितलं. कुणीतरी विचारलं, "मग विंडोजऐवजी टाकता येतं ते फुकटातलं लिनक्स?"

मी हसलो. "वीस वर्षं ऐकतोय, यंदा घरोघरी लिनक्स येणार म्हणून. अजून शंभरात चार-पाच लोक वापरतात. पुढेही तेवढेच वापरतील."

मागच्या रांगेतून धनाजीभाऊ उठले.

"सर, जगाचं मला ठाव न्हाई. पन आमच्या बिल्डिंगीत चाळीस लॅपटॉप हायत. फुडच्या दिवाळीला त्यातले पंचवीस लिनक्सवर असतील."

हॉलमध्ये हशा झाला. "हा आकडा कुठून काढलात?" मी विचारलं.

"इचारून. कोन कशाला वापरतंय ते खोलीखोलीत जाऊन इचारलं. पंचवीस जनांना निस्तं घरी बोलायचं, पिच्चर बघायचा, पोरांचा निकाल बघायचा. त्यांचं काईच अडत न्हाई."

एवढं भाषण केलं, पण एकाही माणसाला मी काही विचारलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात एका शुक्रवारी मुद्दाम अल खोरला गेलो. धनाजीभाऊंनी स्वतःचा लॅपटॉप दोनदा बिघडवून सगळं शिकून घेतलं होतं. आधी लिनक्स पेन ड्राइव्हवरून चालवून दाखवायचं, फोटो वेगळे काढून ठेवायचे, मालक 'हो' म्हणाला तरच पुढे जायचं, ही त्यांची पद्धत. स्टोअरकीपर रमीजला कंपनीचा एक प्रोग्रॅम लागायचा, तो फक्त विंडोजवर चालणारा. बाकीचे आग्रह करत होते. धनाजीभाऊच म्हणाले, "इसको हाथ मत लगाओ. इसका काम रुकेगा."

वेल्डर सुदामला इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून त्याच्या लॅपटॉपवर मराठी सुरू केली. तिथे एका प्रोग्रॅममध्ये 'सेव्ह'ला 'वाचवा' लिहिलेलं. धनाजीभाऊ हसायला लागले. "फाइल काय बुडायली का, वाचवायला? कुनी लिवलंय हे?"

"तुमच्याआमच्यासारख्याच लोकांनी, हौसेनं."

"मग आपल्याला दुरुस्त करता येतंय?"

येत होतं. भाषांतराच्या साइटवर मी त्यांना खातं उघडून दिलं. त्यानंतर कंपनीच्या बसमध्ये, जाता-येता, ते फोनवर शब्द दुरुस्त करू लागले. 'वाचवा'चं 'जतन करा' झालं. प्रत्येक वाक्य आधी सुदामला वाचून दाखवायचे. त्याला कळलं तरच पाठवायचे. उन्हाळ्यापर्यंत तीनशे वाक्यं झाली. त्या प्रोग्रॅमची नवीन आवृत्ती आली तेव्हा मराठी भाषांतरकारांच्या यादीत नाव होतं: धनाजी सुरवसे. त्यांच्या मुलीनं, सोनमनं, लातूरच्या कॉलेजातल्या कॉम्प्युटरवर ती यादी उघडली आणि तिथूनच फोन लावला. "बाबा, तुमचं नाव हितं लातुरात दिसायलंय!" धनाजीभाऊंनी फोन शेजारच्या सुदामच्या हातात दिला, त्यालाही ऐकवायला.

२०२५च्या मेळाव्यात त्यांनी स्वतःहून माइक घेतला. "पंचवीस म्हनलो हुतो. एकवीस झाले. दोघं परत विंडोजवर गेले, दोघांनी नवे लॅपटॉप घेतले. माझा अंदाज चुकला."

टाळ्या थांबेनात. मी उठून म्हणालो, "यांचा अंदाज चारनं चुकला. मी तर अंदाज बांधलाच नव्हता, लोकांचं जुनं वाक्य म्हणून दाखवलं होतं."

मैत्रिणीबरोबर मेळाव्याला आलेल्या जाहिदा मॅडमनी त्यांना बाहेर गाठलं. अल खोरजवळच्या समैस्मा गावातल्या शाळेत त्या मुलींना शिकवतात; वर्गात सात जुने कॉम्प्युटर धूळ खात पडले होते. "आप आएँगे?" त्यांनी विचारलं.

"इन्शाल्ला, शुक्रवार को," धनाजीभाऊ म्हणाले.

त्या शुक्रवारी गाडी मी चालवली. दारात शाळेच्या शिपायानं मला विचारलं, "आयटीवाले आप हैं?"

"वो ये हैं," मी म्हणालो. "मैं इनके साथ आया हूँ."