तांदळात लिहिलेलं नाव

पडदा वर जातो. हिवरखेडचं एक घर, दारात मांडव, देवापुढे पितळेचं ताट आणि ताटात पसरलेले तांदूळ. नवरदेव मनोज अंगठीच्या टोकानं तांदळात अक्षरं ओढतो आहे. बाया माना लांब करून बघताहेत. नवरी चंदा, परतवाड्याच्या देवीदास ताथोडांची नर्सिंग शिकलेली लेक, हळूच वाचते: पौर्णिमा.

सासू पार्बताबाई तिच्या तोंडात पेढा कोंबते. "आता जुनं नाव इसर, पोरी. ओ दे बरं, पौर्णिमा!"

"जी, आत्याबाई."

काय हशा पिकला होता तेव्हा! पहिला प्रवेश असाच गोड असतो.

पुढं कितीतरी वर्षं ती दोन्ही नावांना ओ देत राहिली. अकोटच्या हॉस्पिटलात चंदा सिस्टर, घरी पौर्णिमा. जुन्या नाटक मंडळीत एकच नटी दोन पात्रं करायची. विंगेत लुगडं बदलून दुसऱ्या बाजूनं यायची, आणि लोक खुशीनं मान्य करायचे. अट एकच, त्या दोघींनी एका प्रवेशात समोरासमोर यायचं नाही.

मग मनोज गेला. भाजीचा टेम्पो घेऊन पहाटे निघाला, वाटेत अपघात झाला, तो घरी परतलाच नाही. दोन वर्षांनी अकोटचं हॉस्पिटलही बंद पडलं. पदरात आठ वर्षांची खुशी. चंदानं अमरावतीला जर्मन भाषेचा वर्ग लावला. एसटीत खिडकीशी बसून ती शब्द पुटपुटायची. शेजारचे एक आजोबा एकदा म्हणाले, "बाई, कोनावर मंतर टाकून राह्यली वं?"

"सायेबावर, बुवा. लागला तं लागला!"

परीक्षा ती पास झाली. वर्गाच्या करिश्मा मॅडमनी तिला समोर बसवलं. "चंदाताई, जायच्या दोन वाटा आहेत. नर्स म्हणून जर्मनीला गेलात तर मागून मुलीला नेता येईल. दुसरी वाट मस्कतची, एका घरात म्हाताऱ्या बाईची देखभाल. तिथं शिक्षण कोणी विचारत नाही, पण मुलगी इथंच राहील."

"याच्यात इचार कायचा, मॅडम? खुशीले घेऊन जाता येते थेच वाट."

मॅडमनी कागद मागितले आणि तिथं घोडं अडलं. सर्टिफिकेट चंदाचं, पासपोर्ट पौर्णिमाचा. दोघींना जोडणारा एकच कागद, लग्नाच्या नोंदीचा. तो मनोजनं हौसेनं भरला होता. लग्नाआधीचं नाव विचारलं तिथंही त्यानं पौर्णिमाच लिहिलं. नव्या नवरीचं टाकलेलं नाव पुन्हा कशाला लिहायचं, तसं करणं बरं नाही, असं घरच्यांनीच त्याला सांगितलेलं. म्हणजे कागदावर चंदा शिकली होती, पण तिचं लग्न झालं नव्हतं. पौर्णिमाचं लग्न झालं होतं, पण ती शाळेची पायरीही चढली नव्हती.

नोंद दुरुस्त करायला सासरचं माणूस हवं होतं. सासरी एकच माणूस उरलं होतं.

पार्बताबाई तयार झाल्या. अकोल्याच्या कचेरीत जाताना एसटीत सुनेला चिकटून बसल्या, अकोटच्या स्टँडवर नातीला केळं सोलून दिलं. साहेबांपुढे उभ्या राहिल्या तेव्हा डोक्यावरचा पदर सावरला.

"आजी, ही चंदा देवीदास ताथोड तुमची सून आहे ना?"

पार्बताबाईंनी चंदाकडे पाहिलं. पाहतच राहिल्या.  

"माही सून पौर्णिमा हाय," त्या म्हणाल्या. "चंदा कोनी नाही आमच्या घरात."

साहेबांनी पुन्हा विचारलं. उत्तर तेच आलं. त्यांनी फाइल मिटली.

बाहेर आल्यावर चंदानं विचारलं, "काहून असं केलं, आत्याबाई?"

म्हातारी कडुनिंबाखाली मटकन बसली. "चंदा बिनलग्नाची हाय, माय. थे तिकडं जाईन, दुसरं घर करीन, पोरीलेही नेईन. पौर्णिमा माह्या मनोजची हाय. त्यानं सोताच्या हातानं लिवलेलं नाव. माह्यापाशी त्याचं दुसरं काय राह्यलं, सांग बरं?"

 चंदानं खुशीचा हात धरला आणि चालू लागली.

कोर्टातून करता आलं असतं, पण त्यात वर्ष गेलं असतं, आणि जर्मनीचं हॉस्पिटल थांबायला तयार नव्हतं. गावात काम नव्हतं. उरली मस्कतची वाट, जिथं शाळेची पायरी न चढलेली पौर्णिमा चालत होती. नसेत सुई घालणारे ते सराईत हात आता परक्या घरची भांडी घासणार होते. आणि खुशी राहणार होती आजीपाशी. ज्या एका गोष्टीसाठी चंदानं मस्कत नाकारलं होतं, तीच.

निघायच्या दिवशी हिवरखेडच्या स्टँडवर एसटी लागली. खुशी आईच्या पदराला धरून उभी. तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. पार्बताबाईंना आता रडू आवरेना. खिडकीखाली येऊन त्यांनी हाक मारली, "पौर्णिमा! पोचल्यावर फोन करजो वं, माय!"

गाडी सुरू झाली होती. चंदा खिडकीतून वाकली.

"तिथं तं मले सारेच पौर्णिमा म्हनतीन, आत्याबाई. तुमी तरी आता चंदा म्हना."