सासूबाईंचं माप आणि अर्धा मोल

श्यूल्यान एकसष्टाव्या वर्षी संध्याकाळच्या शाळेत जायला लागली, तेव्हा सगळ्यांत जास्त हसले ती मीच. थायनानच्या आमच्या गल्लीत माझा माशाच्या सुपाचा गाडा, शेजारी तिचा तौह्वाचा, म्हणजे सोयाबीनच्या थिजवलेल्या मऊ दुधाचा. मध्ये फक्त एक नळ.

"नातवंडं खेळवायच्या वयात रसायनशास्त्र?" मी म्हणायचे.

"तुझी जीभ त्या सुपात बुडव आधी," असं म्हणून ती सोयाबीनचं दूध ढवळत पाठांतर करायची. एवढं करून रसायनातल्या मोलच्या गणितांच्या चाचणीत शंभरात एकेचाळीस! भागायचं तिथे गुणून आली बया.

पण तिचा तौह्वा, काय सांगू, जिभेवर ठेवला की विरघळलाच. दुधात जिप्समची पूड घातली की ते थिजतं, आणि पुडीचं माप तिच्या स्वर्गवासी सासूने गाड्यामागच्या भिंतीवर लाल शाईत लिहून ठेवलेलं: पातेल्याला दोन ल्यांग तीन च्येन (दहा च्येनचा एक ल्यांग). चाळीस वर्षं त्यात कणभर बदल नाही. मात्सूदेवीच्या वाढदिवसाला नैवेद्याचा पहिला वाडगा याच गाड्यावरून जायचा. श्यूल्यानला त्याचा केवढा अभिमान!

यंदा जुन्या पूडवाल्याने दुकान बंद केलं. पूड नव्या दुकानातून आली, आणि ऐन वाढदिवसाच्या सकाळी पहिलं पातेलं रबरासारखं घट्ट झालं. दुसरंही तसंच. देवळाचे प्रमुख ग्वोसाहेब चमचा टोचून बघून गेले.

"बाराला नैवेद्य आहे. नाही जमलं तर दुसरीकडून मागवतो," म्हणाले.

श्यूल्यान मटकन स्टुलावर बसली. दूध एकाच पातेल्यापुरतं उरलं होतं. तिचा चेहरा बघून मी पळी ठेवून तिच्याकडे गेले.

"सासूबाई रागावल्या असतील गं, तू शाळेत जातेस म्हणून."

"गप बस." ती पुडीची पिशवी वाचत होती. "ही भाजलेली आहे. आपली कच्ची असायची."

"मग? वजन तेवढंच ना?"

"ओली कोळंबी पावशेर आणि सुकवलेली पावशेर. नग कशात जास्त?"

"सुकवलेलीत. हे काय विचारणं झालं?"

"अगं, तेच! भाजल्यावर पुडीतलं पाणी उडतं. वजन तेवढंच, पण नग जास्त. आपण जास्त घालतोय, बाई!"

तिने पिशवीवरच पेन्सिल चालवली. दोन ल्यांग तीन च्येन म्हणजे शहाऐंशी ग्रॅम. कच्च्या पुडीचा एक मोल, म्हणजे नगांचा एक ठरलेला ढीग, भरतो एकशे बाहत्तर ग्रॅम; शहाऐंशी म्हणजे त्याचा बरोबर अर्धा. भाजलेल्या पुडीचा तेवढ्याच नगांचा ढीग एकशे पंचेचाळीस. त्याचा अर्धा साडेबाहत्तर. तीनदा तपासलं. मग तराजूत एक ल्यांग नऊ च्येन, वर चिमूटभर.

मी तिचा हात धरला. "शेवटचं दूध आहे. सासूबाईंचं माप मोडतेस?"

"मोडत नाहीये. सोड."

दूध ओतलं, झाकण ठेवलं. पंधरा मिनिटं मी माझ्या गिऱ्हाइकांकडे बघितलंसुद्धा नाही. झाकण उघडलं, तिने पातेलं जरा हलवलं, आणि तौह्वा तसाच थरथरला, जसा चाळीस वर्षं थरथरत आला होता.

पावणेबाराला वाडगा देवीपुढे गेला. उरलेल्यातले तीन वाडगे मी उभ्याउभ्या खाल्ले. श्यूल्यान तोवर भिंतीपाशी गेली होती. लाल अक्षरांना धक्काही न लावता तिने खाली पेन्सिलीने लिहिलं: अर्धा मोल.

"सासूबाईंचं माप हेच होतं," ती म्हणाली. "त्यांना बिचाऱ्यांना कोणी शाळेत घातलं नाही, एवढंच."