पाय लागलेला चेंडू

कुंदा खांबेटे चष्मा कुठे ठेवला ते रोज विसरायची, पण सनावळी कधी विसरली नाही. पुण्याला इतिहासात एम. ए. केलं, लग्न झालं आणि श्यामकांतरावांच्या नोकरीपाठोपाठ लहानग्या लेकीला घेऊन ती जर्मनीतल्या बाड हॉम्बुर्गला आली. पुढची अकरा वर्षं पोळ्या, लेकीची शाळा आणि जर्मनचे वर्ग यांत गेली. २००६ साली जर्मनीत फुटबॉलचा विश्वचषक व्हायचा होता. त्या निमित्ताने गावातल्या एका लहानशा संग्रहालयाने चेंडूच्या प्राचीन खेळांचं प्रदर्शन मांडलं, आणि तिथे दालनात लक्ष ठेवायची नोकरी कुंदाला मिळाली. चार महिन्यांची. काम पसंत पडलं तर कायमची.

"अहो, नुसतं उभं राहायचं काम आहे," ती नवऱ्याला म्हणाली. "पण इतिहासाच्या शेजारी!"

"मोजे जाड घाल म्हणजे झालं," श्यामकांतराव म्हणाले.

तिच्या वाट्याला मेक्सिकोचं दालन आलं. काचेच्या कपाटात मातीचे ठेंगणे खेळाडू, आणि मधोमध सतरंजीएवढ्या चटईवर, पाहुण्यांनी हाताळून पाहावा म्हणून ठेवलेला, एक काळा रबरी चेंडू. चेंडू नवाच बनवलेला, पण जुन्या पद्धतीचा, चांगला तीन किलोंचा. भिंतीवरच्या फलकावर लिहिलं होतं, की हा चेंडू कमरेने टोलवायचे; हात नाही, पाय नाही. तिथल्या लोकांना तो नुसता खेळ नव्हता, पूजाविधीही होता. कुंदाला तो फलक आठवड्याभरात पाठ झाला.

पण दिवस फुटबॉलचे. शाळेची पोरं यायची, चेंडू दिसला की लाथ मारायची आणि अंगठा धरून नाचायची. असाच एकदा तो घरंगळत कुंदाच्या बुटाला लागला. वहीला, धान्याला, पेटीला पाय लागला की लहानपणी जे करायची, तेच तिने केलं. वाकली, चेंडूला बोटं टेकवली, कपाळाला लावली.

"हे काय केलंत?" एका ठिपकेदार गालांच्या मुलीने विचारलं.

"माफी मागितली. पाय लागला ना!"

मुलीने चेंडूकडे पाहिलं, मग स्वतःच्या दुखऱ्या अंगठ्याकडे, आणि तीही वाकली. मग तिच्यामागे अख्ख्या वर्गाने रांग लावली. एका वर्गाने दुसऱ्याला सांगितलं. तीन आठवड्यांत अशी वेळ आली, की चेंडूपुढे वाकल्याशिवाय एकही शाळा दालनातून हलेना. कुंदाला मनातून गुदगुल्या व्हायच्या.

मे महिन्यात एका सकाळी संग्रहालयाच्या प्रमुख बाई, फ्राऊ लिंडनर, वर्तमानपत्राचं कात्रण नाचवत आल्या. गावच्या पत्रात छापून आलं होतं: प्राचीन मेक्सिकोचे खेळाडू चेंडूला कसं वंदन करत, ते या संग्रहालयात पाहायला मिळतं.

"आल्झो, तर मग, एका शाळेला हे त्यांच्या पुस्तिकेत घ्यायचंय. आपल्या फलकावर तर नाही, पण कुणा अभ्यासकाने मुलांना सांगितलं असणार. उद्या मी त्यांना होकार कळवते."

कुंदाने कात्रण दोनदा वाचलं.

रात्रीच्या जेवणाला तिने घरात सांगितलं. ईप्सिता, चौदा वर्षांची लेक, जर्मनमध्ये म्हणाली, "कोणाला कळणार आहे?"

"खरंय तिचं," श्यामकांतराव म्हणाले. "महिना राहिलाय तुझा. आणि पसरलीये ती चांगलीच गोष्ट ना?"

"चांगली आहे, खरी नाही. आज पुस्तिकेत, उद्या त्यावरून दुसऱ्या पुस्तकात. मग हजार वर्षांपूर्वीचा कुणी मेक्सिकोचा माणूस माझ्या आईने लावलेली सवय घेऊन हिंडेल. एम. ए. काय मी यासाठी केलं?"

"आणि नोकरी?"

कुंदाने भात वाढला.

सकाळी तिने फ्राऊ लिंडनरना सगळं सांगितलं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दालनातल्या माणसाने वस्तूला हात लावायचा नाही आणि पाहुण्यांशी गप्पा मारायच्या नाहीत. तुम्ही दोन्ही केलंत."

"गेनाऊ, अगदी बरोबर," कुंदा म्हणाली. दुसरं काही सुचेचना.

बाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला. होकाराचं पत्र लिहून तयार होतं; ते त्यांनी दोनदा फाडलं आणि कोरा कागद पुढे सरकवला. "शाळेला तुम्हीच कळवा. आणि चटईशेजारी लावायला एक पाटी लिहा."

दालनातली जागा पुढे दुसऱ्याला मिळाली. गप्प उभं राहणं या बाईला जमायचं नाही, असा शेरा पडला; तो चुकीचा होता असं कुंदाही म्हणत नाही. शरद ऋतूपासून शनिवारी मुलांना संग्रहालय दाखवायचं काम मात्र फ्राऊ लिंडनरनी तिलाच दिलं. तिथे बोलायचंच होतं.

पाटी तिने कबुली दिली त्याच सकाळी लिहिली. चेंडूला वंदन करण्याची ही रीत मेक्सिकोची नाही. भारतातल्या अनेक घरांत, पाय लागलेल्या वस्तूची अशी माफी मागतात.

फ्राऊ लिंडनरनी वाचलं. "आधार?"

"माझी आई. त्याआधीचं मला ठाऊक नाही."

"मग तेही लिहा," बाई म्हणाल्या.

कुंदाने लिहिलं.