मी वाचवलेला राजा

गाण्यातल्या एका राजाला मी दुष्ट होण्यापासून वाचवलं, हा माझ्या जन्माचा सगळ्यात मोठा गाढवपणा.

लग्न होऊन रामनगरहून गुंद गावी आले, तेव्हा भात लावताना बायका एक लांबलचक गाणं म्हणायच्या. पहिलं खाचर लावताना गाण्यातला राजा डोंगर फोडून तहानलेल्या मुलखाला पाणी आणतो. पुढं त्या पाण्याच्या बदल्यात गाय मागतो, मग कोठारातलं भात, आणि शेवटच्या खाचरात घरातली लेक. लेक भर चावडीत ‘न्हाई’ म्हणते आणि राजाचं पाणी आटतं.

लेकीचं कडवं फक्त माझी थोरली जाऊ म्हणायची. एरवी तिचा आवाज चुलीपलीकडे जात नसे. तिचा नवरा, आमचे भावोजी, अख्ख्या गावाच्या अडीनडीला धावणारे. तिच्या माहेरची विहीर खोदायला आपणहून गेले, तिथंच पसंती झाली. घरात मात्र ताट वाढायला उशीर झाला तरी हात उचलायचे. लावणीला ते बांधावरून रोपांच्या जुड्या फेकत. त्यांच्याकडे तोंड करून ती ‘न्हाई’ म्हणायची. गाणंच ते, कोण काय बोलणार? वर्षातून एकदाच मिळायचं तिला ते.

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण डोकं जागेवर कुठं? राजा आवडला होता ना! खांद्यावर पहार, घामानं चमकणारी पाठ. माझा नवरा तेव्हा पडशानं शिंकत होता. त्या वर्षी सगळ्यांच्या पुढं होऊन गाणं म्हणायचा मान मला मिळाला आणि मी पाण्याचंच कडवं घोळवत बसले. राजाला घोडा दिला, मुंडासं दिलं.

“अगं, सोड की त्याला पुढं!” मागून कुणी ओरडलं.

“थांबा की, भिजलाय बिचारा!”

बायका हसल्या, मी आणखी चढले. शेवटचं रोप रोवलं तेव्हा राजा गाईपर्यंतसुद्धा पोचला नव्हता, लेकीचं कडवं तर दूरच. आणि रोप संपलं की गाणं बंद. चिखलाबाहेर ते म्हणत नाहीत.

आता नात मोबाइल पुढं धरून तेच गाणं मागते. मी पाण्यापर्यंत म्हणते, मग मला बसवत नाही. उठून उगीच मागल्या दारी फेऱ्या मारते.

त्या दिवशी लावणी आटपून ओहोळावर पाय धुताना मी मिरवत जावेला विचारलं, “अक्का, कसा म्हटला मी राजा?”

पोटरीचा चिखल खरवडत, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “तुझा राजा पाणी आणून थांबला गे. माझा न्हाई थांबला.”