जीप बोलवायचा बॅलन्स

"ताई, चार येळा मेसेज पाठवला. अजून नाव नाय पुकारलं. पैसं गेलं कुठं?"

सुमनबाईंनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला होता. त्यांच्यामागे आणखी बरीच माणसं हेच विचारायला उभी होती. धसईचा बाजार ऐन भरात होता.

आमची संस्था मुरबाड तालुक्यातल्या पाड्यांवरून पेशंट आणायला एक जीप चालवते. जीपचं इंजिन शेवटच्या घटका मोजत होतं. मुंबईच्या ऑफिसने पैसे उभे करायचा नवा मार्ग काढला होता, एसएमएस देणगी. स्टेजवरून आवाहन करायचं. लोकांनी तिथल्या तिथे एक ठरलेला शब्द टाइप करून पाच आकडी नंबरला पाठवायचा. या नंबरला शॉर्टकोड म्हणतात. मेसेज गेला की बॅलन्समधून दहा रुपये कापले जातात. कंपनी आपला वाटा ठेवून बाकीचे संस्थेला देते. देणाऱ्याला उलट 'धन्यवाद' असा मेसेज येतो.

मला ही कल्पना आवडली होती. मी चळवळीची पत्रकं वाचत वाढले. आमच्या घरी पाहुण्यांना पाण्याआधी पत्रक मिळायचं. देणाऱ्याने छाती फुगवू नये आणि घेणाऱ्याने मान झुकवू नये, हे माझ्या डोक्यात लहानपणापासून बसलेलं. मेसेजमध्ये ना छाती दिसते ना मान.

पण माइकवर रामदास होता. पंचक्रोशीतल्या प्रत्येक हळदीला आहेर पुकारतो तो. कुणी काय दिलं हे लाउडस्पीकरवर सांगितल्याशिवाय इथे आहेर पोचला असं कुणी मानत नाही.

"नावं नकोत," मी म्हणाले.

"मंग देणार कोण गो? आमी काय चोरून देतो काय?"

शेवटी मुंबईहून आलेल्या दिलीपसरांनी तोडगा काढला. 'धन्यवाद' मेसेज रामदासला दाखवायचा, मग नाव पुकारलं जाईल.

टॉवर एकच. बाजारचा दिवस. सगळे एकदम मेसेज करू लागले आणि 'धन्यवाद' अडकले. धन्यवाद नाही म्हणून नाव नाही. नाव नाही म्हणजे देणगी पोचली नाही. म्हणून लोक पुन्हा पाठवत होते.

सुमनबाईंना मी थांबायला सांगितलं. "टमटम सुटंल," म्हणत त्या गेल्या.

रांगेतल्या पुढच्या बाईचा मोबाइल घेऊन मी बॅलन्स तपासला. साठ पैसे. म्हणजे प्रत्येक मेसेजचे पैसे कापले गेले होते. फक्त उत्तरच येत नव्हतं.

मग आठवलं. सुमनबाईंचा मोबाइल एकट्या त्यांचा नाही. वरच्या पाड्यावर तेवढाच एक आहे. रात्री-बेरात्री कुणाला साप चावला, कुणाला कळा सुरू झाल्या, की त्यावरूनच आमच्या जीपला फोन येतो. आणि सुमनबाईंच्या सुनेचे दिवस भरले होते. जीपसाठी देणगी देताना जीप बोलवायचा बॅलन्स संपला होता.

मी दिलीपसरांकडे धावले. "बंद करा हे."

"आत्ता? अगं, लोक मनापासून देताहेत."

"लोक दहा देताहेत. मशीन चाळीस घेतंय."

"नंतर बघू. कंपनीला मेल टाकतो."

"सर, मेलवर जीप येत नाही!"

मी माइक घेतला आणि पुन्हा मेसेज पाठवू नका म्हणून ओरडले. कुणी ऐकेना. नाव राहिलं ना! रामदासने माझ्या हातातून माइक ओढला. "शाळा नको घेऊ. बघ आता." आणि धन्यवाद न बघताच त्याने रांगेतली नावं पुकारायला सुरुवात केली. नाव झालं की माणूस मोबाइल खिशात घालून भाजी घ्यायला जायचा. रांग विरली.

आता सुमनबाई. त्यांचा मोबाइल 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर'. रिचार्जवाल्याकडे गेले, तर त्याचं रिचार्जही एसएमएसवरच चालतं.

"ताई, माजापन अडकलाय," तो म्हणाला.

जीपचा ड्रायव्हर काशिनाथ म्हणाला, "मी वर जाऊन उभा ऱ्हातो."

"आणि बाकीच्या पाड्यांचं काय? त्यांचेही मोबाइल रिकामे झालेत."

त्याने खिशातला मोबाइल काढला. मग म्हणाला, "त्यांना आपल्याला फोन करता येत नाय. आपल्याला तर येतो ना? इनकमिंग फुकट हाय."

बाजार उठला. आम्ही जीपच्या बॉनेटवर पाड्यांचे नंबर लिहिलेला कागद ठेवून एकेक फोन लावत बसलो. सगळे पाडे लागले, ठीक होते. सुमनबाईंचा लागेना. वर आंब्याखाली उभं राहिलं तरच रेंज मिळते हे मला माहीत होतं. त्या आंब्याखाली आहेत की घरात, हे कळायला मार्ग नव्हता. मी पुन्हा पुन्हा तेच बटण दाबत होते. ऊन डोंगरामागे गेलं तेव्हा रिंग वाजली.

"कोन?"

"सुमनबाई, मी—"

"आगो, मी कवाची घरातून आंब्याखाली खेपा घालते! नंबर दाबते तर ती बाई सांगते बॅलन्स नाय. काशिनाथला धाड, लवकर धाड!"

काशिनाथने माझं पुढचं ऐकलंच नाही. जीप चालू झाली होती.

मुलगी मुरबाडच्या दवाखान्यात झाली. दोघी सुखरूप.

कंपनीने जादा कापलेले पैसे परत दिले नाहीत. कोड वापरणाऱ्याने अटी वाचायच्या असतात, असं उत्तर आलं. दिलीपसरांनी ऑफिसशी भांडून सगळ्यांना रिचार्ज करून दिलं, त्यामुळे मोहिमेतून इंजिनाच्या वाट्याला काही उरलं नाही. जीप अजून जुन्याच इंजिनावर खोकते.

आता आम्ही बाजारात पावतीपुस्तक आणि रामदासला नेतो. छाती फुगली तर फुगू दे. कुणाच्या मोबाइलमधून देणगी मागायची वेळ आलीच, तर तो मोबाइल कशासाठी ठेवलाय हे आधी विचारते. आणि रोज दिवेलागणीला काशिनाथ स्वतःहून प्रत्येक पाड्याला फोन लावतो.